दिसते, पण ओळखू येत नाही

“डॉक्टर, बाबांच्या चष्म्याचा नंबर पुन्हा बघायला हवा,” असे म्हणत एक तरुण आपल्या वडिलांना माझ्या दवाखान्यात घेऊन आला, त्याला आता तीन वर्षे होत आली. वडिलांचे वय ६४. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस-बत्तीस वर्षे काम करून ते निवृत्त झालेले. मायक्रोमीटर हातात धरून मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब करण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना आता ताटात वाटीच्या आड गेलेला चमचा सापडत नव्हता. वर्तमानपत्र वाचताना ओळ चुकत होती. दोरीवर चार कपड्यांत वाळत घातलेला स्वतःचा शर्ट हाती लागत नव्हता. मुलाच्या मते हा रिकामपणाचा परिणाम, तर काकूंच्या मते विसरभोळेपणाचा.

आदल्या दिवशी टेल्को रोडवर काकांची स्कूटर एका हातगाडीवर आदळता आदळता वाचली होती. गाडी उभ्या टेम्पोच्या मागून अर्धी बाहेर आलेली होती. मी विचारले, “काका, गाडी दिसली नाही का?” ते म्हणाले, “दिसली नाही असं नाही डॉक्टर. काहीतरी दिसत होतं. पण ती हातगाडी आहे, हे कळलंच नाही.”

या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला, एकेक अक्षर त्यांनी बरोबर सांगितले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात दिसली, म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. यथावकाश शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली, नंबर बदलला. पण तक्रार जिथल्या तिथे. मग आणखी एकदा चष्मा बदलला. या सगळ्यात वर्ष गेले. चूक माझी होती. काका मला सांगत होते, “दिसते, पण कळत नाही,” आणि मी उपचार करीत होतो ते “दिसत नाही” या तक्रारीवर. या दोन वाक्यांतला फरक सर्वांना कळावा, यासाठी आजचा लेख.

डोळे पाहतात, मेंदू ओळखतो

आपली समजूत अशी असते की डोळा म्हणजे कॅमेरा आणि समोरच्या वस्तूचा फोटो आत उमटला की काम झाले. प्रत्यक्षात तसे नाही. डोळ्याच्या दृष्टिपटलापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे दहा लाख तंतू असतात. ते फक्त उजेड-अंधाराचे, रंगांचे आणि कडांचे निरोप पोचवतात. त्या निरोपांवरून “ही कात्री”, “हा आपला नातू” असा अर्थ लावण्याचे काम मेंदू करतो. ते काम डोक्याच्या मागच्या भागात सुरू होते आणि तिथून पुढे दोन वाटांनी जाते. खालच्या वाटेने वस्तू कोणती हे कळते, तर वरच्या वाटेने ती कुठे आहे हे कळते.

शिवाय समोरची वस्तू पूर्ण दिसते असे फार क्वचित घडते. अर्धी दाराआड, अर्धी सावलीत, अर्धी गर्दीत अशीच ती असते. उरलेले मेंदू स्वतःच्या अनुभवातून भरून काढतो. बसवरच्या विजेच्या पाटीतले पाच-सात दिवे गेलेले असतात, तरी निगडीचा माणूस लांबूनच “निगडी” वाचतो आणि हात करतो. अंगणात नुसते ठिपके मांडून झाले की रांगोळी काढणाऱ्या बाईला त्यात कमळ आधीच दिसू लागते. शेजारी उभ्या असलेल्या आपल्याला मात्र ठिपकेच दिसतात.

याचा एक प्रयोग घरी करून पाहा. रेघांच्या वहीच्या पानावर एका रेघेवर डावीकडे एक फुली काढा आणि त्याच रेघेवर तिच्यापासून ८ सेंटिमीटर उजवीकडे वाटाण्यापेक्षा लहान काळा ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत पान हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर आले की ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातून नस बाहेर पडते त्या जागी पाहणाऱ्या पेशी नसतात, म्हणून असे होते. पण खरी गंमत पुढे आहे. ठिपक्याच्या जागी आपल्याला काळे भोक दिसत नाही, पानावरची रेघ अखंड गेलेली दिसते. ती मेंदूने भरलेली असते. जन्मभर आपण असे भरत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

हे भरण्याचे आणि ओळखण्याचे काम बिघडले तर डोळे निर्दोष असूनही माणूस अडखळतो. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान मुंक यांनी १८८१ साली मेंदूचा मागचा भाग काढलेल्या कुत्र्यांत असा प्रकार नोंदवला. ती कुत्री अडथळे टाळून चालत, पण समोरचे अन्न ओळखत नसत. मुंक यांनी त्याला मनाचे आंधळेपण म्हटले. पुढे १८९१ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यासाठी “अग्नोसिया” हा शब्द वापरला आणि तो आजही वैद्यकात रूढ आहे.

अपुऱ्या चित्रांची परीक्षा

मेंदूचे हे काम कसे मोजायचे? पूर्ण चित्र दाखवून उपयोग नाही, ते बहुतेकांना ओळखता येते. म्हणून चित्र अपुरे करून दाखवायचे, अशी युक्ती निघाली.

अपुरे चित्र दोन प्रकारचे असते, हे आधी लक्षात घेऊ. पहिल्या प्रकारात चित्र स्पष्ट असते, पण त्यातला एखादा भाग गाळलेला असतो. चेहऱ्याला नाक नसते. “यात काय नाही?” असे मुलाला विचारायचे. फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांच्या १९०८ च्या बुद्धिकसोटीत असा प्रश्न होता. त्या बिने कसोटीचे आपल्याकडच्या मुलांसाठी कन्नड आणि मराठीत रूपांतर केले ते व्ही. व्ही. कामत यांनी, १९३० च्या दशकात, धारवाड भागात. पुढे १९६९ साली नागपूरचे डॉ. ए. जे. मालिन यांनी अमेरिकेतल्या वेक्सलर कसोटीवरून भारतीय मुलांसाठी कसोटी बेतली. तिच्यातही चित्रपूर्तीचा एक भाग आहे. शाळेकडून मुलाला मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले गेले असेल, तर मालिन कसोटीचे नाव काही पालकांच्या कानावर पडले असेल.

दुसऱ्या प्रकारात चित्रच तुटक असते. रेषांचे तुकडे किंवा काळे डाग इकडेतिकडे विखुरलेले असतात आणि “हे काय आहे?” असे विचारायचे असते. १९३१ साली अमेरिकेत रॉय स्ट्रीट यांनी अशा डागांच्या चित्रांची कसोटी केली. १९६० मध्ये यूजीन गॉलिन यांनी एकाच वस्तूची अनेक चित्रे केली. पहिले अगदी तुटक, पुढचे थोडे भरलेले, शेवटचे पूर्ण. माणसाला कोणत्या पायरीवर वस्तू ओळखू येते ते मोजायचे. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक भरलेले चित्र लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे अपुऱ्यातून पूर्ण पाहण्याची शक्ती वयाबरोबर वाढते.

आपल्या पुण्याचाही या विषयाशी संबंध आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी बुद्धीचे अनेक घटक मानले. त्यांपैकी आकृती ओळखण्याच्या घटकासाठी स्ट्रीट यांच्यासारखी तुटक चित्रे वापरली जात. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने गिलफर्ड यांच्या सिद्धान्ताच्या आधारे आपल्या मुलांसाठी बुद्धिचाचण्या तयार केल्या. ज्ञान प्रबोधिनीची शाळा निगडीतही आहे, त्यामुळे हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही.

संगणकाने या परीक्षेत काय भर घातली? पूर्वी ही चित्रे पुठ्ठ्यावर असत. परीक्षक एकेक पुठ्ठा उलटणार आणि घड्याळ बघणार. एकाचा हात जलद, दुसऱ्याचा सावकाश. चित्र किती तोडायचे हेही चित्रकाराच्या मर्जीवर. न्यूयॉर्क विद्यापीठातील जोन गे स्नॉडग्रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मॅकिंटॉश संगणकावर हे काम सोपवले. संगणक चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि रेषा असलेल्या चौकोनांपैकी काही पुसून टाकतो. पुसलेल्या चौकोनांची संख्या वाढवत नेली की एकाच चित्राच्या आठ पायऱ्या तयार होतात. सर्वांना तेच चित्र तितकाच वेळ दिसते आणि उत्तराला किती वेळ लागला तेही बिनचूक नोंदले जाते.

काकांची परीक्षा

दुसऱ्या चष्म्यानंतरही फरक पडला नाही, तेव्हा मी काकांना माझ्या टेबलापाशी बसवले. टेबलावर स्टेथोस्कोप ठेवून त्यावर अर्धे वर्तमानपत्र पसरले. “काय आहे?” काका बराच वेळ पाहत राहिले. “दोरी असेल.” मी कागद काढला. “अरे, स्टेथोस्कोप!” लगेच उत्तर. मग कात्री उघडून तिच्यावर पेन आणि किल्ली आडवी टाकली. पुन्हा गोंधळ. डोळे मिटून हातात कात्री दिली, तर क्षणात “कात्री.” म्हणजे शब्द आठवत होता, वस्तू माहीत होती, हाताला कळत होती, पूर्ण दिसली तर डोळ्यालाही कळत होती. अडत होते ते अपुऱ्यातून पूर्ण करण्यापाशी. ही तपासणी मला पहिल्या दिवशी करता आली असती. तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.

मग त्यांना पुण्यात न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवले आणि तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संगणकावर अपुऱ्या चित्रांची परीक्षा घेतली. मीही एका बाजूला बसलो होतो. पडद्यावर काळे तुकडे येत, हळूहळू भरत जात. किटली मला तिसऱ्या पायरीला कळली. काकांना ती जवळजवळ पूर्ण झाल्यावर कळली. छत्री, कुत्रा, खुर्ची, सगळ्यांचे तेच. तुटक काढलेली अक्षरेही त्यांना जमली नाहीत. पण स्मरणशक्तीच्या परीक्षेत, अर्ध्या तासापूर्वी सांगितलेली गोष्ट त्यांनी जवळजवळ जशीच्या तशी सांगितली. विसरभोळेपणाचा आरोप तिथेच निकालात निघाला.

एमआरआयमध्ये मेंदूचा मागचा भाग आकसलेला दिसला. या विकाराला “पोस्टीरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रॉफी” म्हणतात. अमेरिकन न्यूरॉलॉजिस्ट फ्रँक बेन्सन यांनी तो १९८८ साली वर्णन केला. बहुतेकदा त्याच्या मुळाशी अल्झायमरचाच आजार असतो, पण तो स्मरणशक्तीपासून सुरू न होता पाहण्याच्या भागापासून सुरू होतो. पन्नाशी ते पासष्टी या वयात सुरू होणे नेहमीचे. म्हणूनच असे रुग्ण आधी चष्म्याच्या दुकानात जातात, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. काहींचा मोतीबिंदूही काढला जातो आणि मूळ आजार कळायला वर्ष-दोन वर्षे जातात.

आजींची गोष्ट वेगळी

त्याच सुमारास आकुर्डीच्या एका आजींनाही मी तिथे पाठवले होते. वय ७३. त्यांची तक्रार उलटी. दिसण्यात काही कमी नाही, पण सकाळचे दुपारी आठवत नाही. गॅसवर दूध ठेवून विसरणे रोजचेच झालेले. सून कंटाळून म्हणाली, “डॉक्टर, त्यांना काही शिकवून उपयोग नाही. सांगितलेलं डोक्यात राहतच नाही.”

आजींनी अपुरी चित्रे त्यांच्या वयाच्या मानाने ठीक ओळखली. आठवड्याने त्याच चित्रांवर पुन्हा परीक्षा झाली. “आजी, ही चित्रं मागे पाहिली होती ना?” “छे, मी तर इथे पहिल्यांदाच येतेय!” पण चित्रे सुरू झाली आणि आजी पूर्वीपेक्षा दोन-दोन पायऱ्या आधी ओळखू लागल्या. पाहिल्याचे आठवत नव्हते, पण पाहिलेले कुठेतरी उरले होते.

ही काही जादू नव्हे. १९६८ साली एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि लॉरेन्स वाइस्क्रांट्झ या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी, स्मरणशक्ती जवळजवळ गेलेल्या रुग्णांना अशीच तुटक चित्रे आणि तुटक शब्द लागोपाठच्या दिवसांत दाखवले. रुग्णांच्या चुका दर दिवशी कमी होत गेल्या. स्मरणशक्ती एक नाही, तिचे अनेक कप्पे आहेत, आणि “काल काय झाले” हा कप्पा बंद पडला तरी सवयीचा कप्पा चालू राहू शकतो, ही मोठी गोष्ट अपुऱ्या चित्रांनी दाखवून दिली. अल्झायमरच्या सुरुवातीच्या काळात अनेकांत हा कप्पा बराचसा शाबूत असतो.

सुनेला मी एवढेच सांगितले की आजींना “आठवतं का?” असे विचारू नका. त्यापेक्षा रोज त्याच वेळी, त्याच जागी, तीच गोष्ट त्यांच्या हातून करवून घ्या. गोळ्यांचा डबा देवघरापाशी ठेवला आणि सकाळची पूजा झाली की गोळी, असा क्रम लावला. दोन महिन्यांत आजी पूजा आटोपून आपसूक डब्याकडे हात नेऊ लागल्या. का नेते, ते त्यांना सांगता येत नव्हते. गोळी मात्र चुकत नव्हती. सून अजूनही गोळ्या मोजून पाहते, आणि ते योग्यच आहे.

पाहा, दोघांनाही घरात एकच शब्द लावला गेला होता, “विसरभोळे”. एकाची स्मरणशक्ती शाबूत आणि ओळखण्याची शक्ती क्षीण. दुसऱ्याचे नेमके उलट. दोघांना लागणारी मदत वेगळी, घरातली मांडणी वेगळी, धोके वेगळे. तो फरक या परीक्षेने दाखवला.

गुण म्हणजे निकाल नव्हे

मात्र संगणकाने आकडा दिला म्हणून तो अंतिम मानू नये. त्याची कारणे समजून घ्या.

स्नॉडग्रास यांनी १९८० साली मेरी व्हँडरवॉर्ट यांच्यासह प्रसिद्ध केलेली २६० चित्रे जगभर वापरली जातात. त्यांत आर्टिचोकची भाजी आहे, बर्फावरची घसरगाडी आहे, बर्फाचा माणूस आहे, रकून नावाचा प्राणी आहे. खेड तालुक्यातल्या शेतकरी आजोबांनी आर्टिचोक कधी पाहिलेच नाही, तर ते अपुरे काय आणि पूर्ण काय! चित्र ओळखायला आधी ती वस्तू आयुष्यात भेटलेली हवी. म्हणून जाणकार मानसशास्त्रज्ञ आपल्याकडे अशी चित्रे वगळतात आणि कंदील, तांब्या, बैलगाडी अशी चित्रे घेतात. तसेच जिने कधी शाळा पाहिली नाही, तिला कागदावरच्या रेषांतून वस्तू पाहण्याचीच सवय कमी असते. तिचे गुण शिकलेल्या माणसाच्या गुणांशी ताडून पाहणे अन्यायाचे आहे.

शिवाय मोतीबिंदू, जुना नंबर, पडद्यावर पडणारा उजेड, ऐकू कमी येणे, झोप न होणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांपैकी कशानेही गुण घसरतात. यंत्रासमोर बसण्याची भीती हे तर मोठेच कारण. टूलरूममध्ये आयुष्य काढलेले काकासुद्धा माऊस हातात धरायला कचरत होते. मग बाईंनी त्यांना फक्त तोंडाने उत्तर द्यायला सांगितले आणि बटण स्वतः दाबले.

आणखी एक इशारा. मोबाईलवर “तुमच्या मेंदूचे वय ओळखा” असे खेळ येतात. परवा एक चाळिशीचे गृहस्थ असा खेळ खेळून, रात्रभर न झोपता, सकाळी माझ्याकडे आले. खेळाने त्यांचे वय ७० काढले होते. तपासणीत काहीही निघाले नाही. तीन आठवडे रात्रपाळी करून आलेला माणूस दुसरे काय गुण मिळवणार? तीच गोष्ट मुलांची. पाच वर्षांच्या मुलाला अपुरे चित्र कळले नाही म्हणजे ते मंद, असे ठरवू नका. या वयात अधिक भरलेले चित्र लागणे स्वाभाविक आहे, हे गॉलिन यांनी दाखवलेलेच आहे.

केव्हा दाखवावे?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात ६० वर्षांवरील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात कामाला लागलेली पिढी आता याच वयात आहे. तेव्हा पुढील गोष्टींकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

१) चष्मा योग्य असूनही पसाऱ्यातली वस्तू सापडत नाही, ती वेगळी उचलून दाखवली की लगेच ओळखता येते.

२) वाचताना ओळ हरवते, पायरीचा अंदाज चुकतो, कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला जातो, शर्टाची बाही सापडत नाही.

३) वाहन चालवताना अर्धवट आड असलेली माणसे किंवा गाड्या उशिरा कळतात.

४) वस्तू पाहून कळत नाही, पण हातात घेतल्यावर किंवा आवाजावरून कळते.

यांपैकी काही आढळले तर सर्वांत आधी डोळे तपासून घ्या. ही पायरी गाळू नका. उपचार न केलेला दृष्टिदोष हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक असल्याचे लॅन्सेट आयोगाने २०२४ साली म्हटले आहे, त्यामुळे मोतीबिंदू काढणे फायद्याचेच आहे. माझी चूक मोतीबिंदू काढण्यात नव्हती, तिथेच थांबण्यात होती. डोळे ठीक असूनही तक्रार राहिली तर साखर, रक्तदाब, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या करून न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घ्या. आणि हे सारे अचानक, तासा-दोन तासांत झाले असेल, बाजूचे दिसेनासे झाले असेल, बोलणे अडखळत असेल, हातपाय लुळे वाटत असतील, तर तो पक्षाघात समजून तत्काळ मोठ्या रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

काकांच्या आजारावर आज मुळापासून बरे करणारे औषध नाही. काही गोळ्यांनी काही काळ थोडी मदत होते. पण घरातल्या साध्या बदलांनी त्यांचे दिवस पुष्कळ सुखाचे झाले. पांढऱ्या ताटाऐवजी गडद निळे ताट आले, त्यात भात नीट दिसू लागला. टेबलावर एका वेळी एकच वस्तू ठेवायची असे ठरले. पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावली. वर्तमानपत्राला मधे खाच असलेला काळा पुठ्ठा केला, त्यातून एकच ओळ दिसते. हा पुठ्ठा काकांनी स्वतः कापला, कडा नेहमीसारख्या काटकोनात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरात “तुमचं लक्षच नसतं” हे बोलणे थांबले.

स्कूटरचा प्रश्न मात्र कठीण होता. मुलाला वडिलांना सांगायचे धैर्य होत नव्हते. मी शब्द जुळवत होतो. पण परीक्षेचा कागद समजावून सांगितल्यावर काकांनी खिशातून किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, “त्या दिवशी हातगाडी होती डॉक्टर. उद्या टेम्पोमागून एखादं पोर आलं तर?”

ती किल्ली मी मुलाकडे दिली. आता काका रोज सकाळी काकूंबरोबर चालत भाजी आणायला जातात. ढिगातली कोथिंबीर काकू ओळखतात, हिशेब काका करतात.

घरातले कोणी “दिसतं, पण कळत नाही” असे म्हणाले, तर चष्म्याच्या दुकानात जाण्याआधी ते वाक्य तसेच्या तसे आपल्या डॉक्टरांना सांगा. डॉक्टर घाईत असतील तर पुन्हा एकदा सांगा.